धाकटीच्या चुका

ताईला तिच्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. आधी क्लासमधली मुलं ताई म्हणायची. मग त्यांचे आईबाप म्हणायला लागले, मग कोपऱ्यावरचा न्हावी, जो तिच्यापेक्षा चांगला तीस वर्षांनी मोठा, आणि शेवटी एके दुपारी स्वयंपाकघरातून सख्ख्या आईनेच हाक दिली, "ताई, खडू संपलेत का गं?" त्या दिवशी तिला हसू आलं होतं. पुढे पुढे येईनासं झालं. वय वर्षं पंचवीस, आणि अख्ख्या गल्लीची मोठी बहीण होऊन बसली होती. खरी बहीण एकच, तिच्याहून चार वर्षांनी लहान. तिला सगळे धाकटी म्हणत.

घर दोन खोल्यांचं. त्यातली पुढची खोली दुपारी तीन ते संध्याकाळी आठ घरच्यांची नसायची. दोन वाजले की गाद्या गुंडाळून कपाटावर चढायच्या, टेबल भिंतीला उभं व्हायचं, सतरंज्या पसरायच्या आणि कॅलेंडरच्या खिळ्यावर फळा लागायचा. मग घरची माणसं स्वयंपाकघरात जाऊन बसायची. तिथे कुकरची शिट्टी बंद, रेडिओ बंद, मोठ्याने खोकणं बंद. बाबा ओट्याशेजारच्या स्टुलावर. संडासला जायचं तर पुढच्या खोलीतून, तेवीस मुलांच्या नजरेसमोरून जायला लागायचं, म्हणून बाबा साडेपाचला बॅच बदलायची वाट बघत कळ काढायचे. पहिली बॅच जिन्यात आणि दुसरी अजून चपला काढतेय, तेवढ्यात बिचारे चटकन जाऊन यायचे. याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. मला विचाराल तर काढायला हवा होता.

हे बाबा एके काळी इमारतींचे नकाशे काढत. घरी टेबलावर मोठाले कागद पसरून बसत आणि सहा वर्षांची ताई खुर्चीवर गुडघे टेकून बघत राही. एकदा ती म्हणाली, "बाबा, हा जिना वर पोचत नाही." बाबा हसले. मग सहज म्हणून त्यांनी मोजलं. अठरा पायऱ्या, सहा-सहा इंचांच्या, आणि मजला दहा फुटांचा. बरोबर एक फूट कमी पडत होता. पोरीने काही मोजलं नव्हतं, तिला नुसतं दिसलं होतं. बाबांनी तोंडात बोट घातलं, आईला बोलावून दाखवलं, आणि तो कागद साहेबांकडे जायच्या आत दुरुस्त केला.

शाळेतही तिला असंच दिसायचं. गणित वाचून होईतो उत्तर समोर उभं असायचं आणि ती तेवढंच लिहून वही मिटायची. शाळेतले मोठे सर भारी कडक. त्यांनी तिला ओळीने तीन भोपळे दिले. "उत्तर कुणीही आणून देईल. पायऱ्या दाखव," म्हणाले. पोरगी रडून रडून थकली, कारण पायऱ्या तिच्याकडे नव्हत्याच. शेवटी तिने त्या शोधून लिहायला सुरुवात केली. आपल्याला लागतात म्हणून नव्हे, लोकांना लागतात म्हणून. इथेच ती शिकवणीच्या वाटेला लागली असं म्हणायला हरकत नाही.

पहिला विद्यार्थी कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांचा मुलगा. ताई तेव्हा कॉलेजात होती आणि शिकवण्यात अगदीच कच्ची. "हे काय, दिसत नाही का तुला?" असं दर दोन मिनिटांनी विचारायची. त्याला दिसत नव्हतं आणि तो मुसमुसायचा. एक दिवस त्याने बावन्नातून सदतीस वजा केले आणि उत्तर लिहिलं पंचवीस. ताई खोडायला गेली आणि थांबली. दोनातून सात जात नाहीत, म्हणून गड्याने सातातून दोन काढले होते. पाच. मग पाचातून तीन काढले, दोन. झाले पंचवीस. तिने मागची पानं उलटली. सगळीकडे हेच. पोरगा आंधळेपणाने चुकत नव्हता, त्याचा एक नियम होता आणि तो नियम तो इमानेइतबारे पाळत होता. चुकीच्या उत्तरालाही वाट असते हे ताईला त्या दिवशी कळलं, आणि खरं सांगायचं तर आजवर कुठल्याही बरोबर उत्तराने तिला एवढा आनंद दिला नव्हता.

पंधरा दिवसांत औषधवाल्यांचा मुलगा वजाबाकी बिनचूक करायला लागला. औषधवाले दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे. महिन्याभरात सात मुलं झाली, वर्षात तीस. चुकलेलं उत्तर नुसतं बघून ताई पोराला सांगायची, तू इथपर्यंत बरोबर आलास, इथे कंस सोडवताना उणे विसरलास, आणि मग घाबरून पुढचं उरकलंस. पोरं अवाक व्हायची. आईबापांना तर ती देवमाणूसच वाटायला लागली. देवमाणसाला जागचं हलू देत नाहीत, हे तिला पुढे समजलं.

कॉलेज संपताना तिने एक प्रश्न सोडवला. तो तिने दूरच्या एका संशोधनसंस्थेतल्या प्राध्यापिकाबाईंना पोस्टाने पाठवला. बाईंचं उलट टपाली उत्तर आलं. तुमच्यासाठी इथे जागा आहे, राहायची सोय आहे, शिष्यवृत्ती आहे, या. पाकिटावर ताईचं पूर्ण नाव होतं. पोस्टमनने विचारलं, हे कोण राहतं इथे?

पहिल्या वर्षी आई म्हणाली, दहावीची बॅच अर्ध्यात सोडून कशी जाशील, एवढी होऊ दे. ते खरंच होतं. पण बॅच म्हणजे काय असतं, एक सुटायच्या आत दुसरी सतरंजीवर येऊन बसलेली असते. दुसऱ्या वर्षी बाबांचे डोळे गेले. म्हणजे अगदी गेले नाहीत, पण बारीक रेघ दिसेना, आणि नकाशे काढणाऱ्याला बारीक रेघ दिसेना म्हटल्यावर उरलं काय. ते घरी बसले आणि घर क्लासवर आलं. मध्ये आईने एक पदवीधर मास्तर ठेवून पाहिला. चांगला होता बिचारा, फक्त मुलं चुकली की तो परत तेच मोठ्याने सांगायचा. अकराव्या दिवशी सहा पालक जिन्यात येऊन उभे राहिले. आम्हाला घरचंच कुणी हवं, म्हणाले. ताई तरी, नाहीतर तिची बहीण तरी.

बहीण. आईच्या डोक्यात तिथे दिवा लागला.

आई काही दुष्ट बाई नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. ती दाराशी रजिस्टर घेऊन बसायची, कुठलं पोर उशिरा आलं, कुणाला ताप आहे, कुणाच्या घरी भांडणं आहेत, सगळं तिला पाठ. या क्लासने तिला गल्लीत मान दिला होता आणि डोळे गेलेल्या नवऱ्यासकट घर उभं ठेवलं होतं. तिने सरळ हिशेबाची गोष्ट केली. तिसऱ्या वर्षी बाईंचं पत्र आलं, की या खेपेला तीन महिन्यांच्या आत कळवा, यापुढे जागा राखून ठेवता येणार नाही. तेव्हा आई म्हणाली, "धाकटीला तयार कर. दहावीच्या पेपरात तिला ऐंशी पडले, की तू मोकळी. मी अडवणार नाही."

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. सकाळी नऊला जायची, साडेसातला यायची, रविवारी सुट्टी. शाळेत गणितात जेमतेम पास झालेली, मोठ्या बहिणीच्या सावलीत वाढलेली. तिला विचारावं असं काही कुणाच्या मनात आलं नाही. ताईच्याही नाही. ताईला फक्त तारीख दिसत होती.

दर रविवारी अकरा वाजता पुढच्या खोलीत दोघी बसायच्या. आधी तासभर शिकवणं, मग पेपर. पेपर ताई तपासायची, पण आईला तेवढ्यावर भरवसा नव्हता. पळायची घाई झालेली पोरगी बहिणीला फुकटचे मार्क देईल असं तिला वाटायचं. म्हणून तपासलेला पेपर ती मोठ्या सरांकडे पाठवायची. सर निवृत्त होऊन मागच्या गल्लीत राहायचे, त्यांनाही तेवढाच विरंगुळा.

पहिल्या रविवारी अडतीस पडले. ताई म्हणाली, हरकत नाही. मग चव्वेचाळीस, मग एक्केचाळीस, मग छत्तीस. दहा रविवार गेले. ताईने सगळे उपाय केले. तेवीस मुलांना जे समजतं ते या एकीला का समजत नाही, म्हणून तिच्या नाकी नऊ आले. आणि याहून वाईट म्हणजे धाकटीच्या चुकांना वाट सापडत नव्हती. एका वर्गसमीकरणाची उत्तरं होती सात आणि उणे दोन. धाकटीने लिहिली सात आणि उणे चार. आता हे कसं व्हावं? ज्या पायरीवर सात हाती लागतात त्याच पायरीवर दोनही लागतात, ते जोडीनेच येतात. एक नेमका बरोबर आणि दुसरा नेमका भलताच, असा येणारा रस्ताच नाही. ताईने तीन दिवस डोकं लावलं. मोठ्या सरांनीही पेपरवर शेरा मारला होता, "चुका गमतीशीर आहेत." ताईला वाटलं, आपलीच अक्कल संपली. एवढ्या वर्षांत शिकवून शिकवून आपण बोथट झालो आणि आता संस्थेत जाऊन तरी काय दिवे लावणार, असंही एकदा मनात येऊन गेलं.

अकराव्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, बाबांचा नवा चष्मा आणायला ती दुकानात गेली. मुदत संपायला चार दिवस होते.

दुकान अरुंद आणि लांब. पुढे फ्रेमची कपाटं, मागे काच घासायचं यंत्र आणि त्याच्यापाशी पाठमोरी धाकटी. चष्मेवाले काका पुढच्या काउंटरवर डॉक्टरांची चिठ्ठी वाचत होते. ताईला कुणी पाहिलं नाही. चष्म्याच्या नंबराची एक भानगड असते. तोच नंबर दोन पद्धतींनी लिहिता येतो, डॉक्टर एका पद्धतीने लिहितात आणि काचांच्या डब्यांवर दुसऱ्या पद्धतीने छापलेलं असतं. म्हणून आधी तो फिरवून घ्यावा लागतो. पहिले दोन आकडे चिन्हांसकट मिळवायचे, दुसऱ्याचं चिन्ह उलटं करायचं आणि कोनात नव्वदचा फरक करायचा. बऱ्याच दुकानांत याला कागद लागतो.

काका म्हणाले, "उणे दोन, अधिक दीड, वीस."

"उणे अर्धा, उणे दीड, एकशे दहा," धाकटी मान वर न करता म्हणाली. यंत्र चालूच होतं.

"अधिक पाऊण, उणे सव्वादोन, एकशे साठ."

"उणे दीड, अधिक सव्वादोन, सत्तर. काका, ही काच आपल्याकडे नाही, मागवावी लागेल."

काकांनी आणखी चार वाचले, तिने चार फिरवले. एकही अडला नाही. शेवटचा तर काकांचा वाचून पुरा व्हायच्या आत तिने सांगितला आणि दोघंही हसले. ताईने धाकटीला असं हसताना कधी पाहिलं होतं ते तिला आठवेना. जी मुलगी दर रविवारी उणे चिन्हावर ठेचकाळत होती, तीच ही. ताई दारातूनच मागे फिरली. घरी बाबांनी विचारलं, चष्मा? तर म्हणाली, झाला नाही अजून.

रविवारी तिने काही शिकवलं नाही. नुसता पेपर दिला आणि समोर बसून बघत राहिली. आता कळल्यावर सगळं स्वच्छ दिसत होतं. धाकटी गणित वाचायची, क्षणभर थांबायची, बरोबर लिहायची, आणि अगदी शेवटच्या ओळीला येऊन पेन किंचित अडखळायचं. मग भलताच आकडा. चुकीची वाट नव्हतीच. वाट बरोबरच होती, फक्त दारापाशी येऊन ती दुसरीकडे वळत होती. ताईने लाल पेन उघडलं. शेवटच्या ओळी मुद्दाम चुकवल्या नसत्या तर ब्याण्णव मार्क झाले असते.

आई स्वयंपाकघरात होती. मधल्या दाराला पडदाच काय तो. ताई उठली आणि फळ्यावर खडूने काहीबाही लिहीत राहिली, म्हणजे आवाज होत राहावा.

"तुला येतं," ती हळू म्हणाली.

धाकटी म्हणाली, "हो."

"कधीपासून?"

"पहिल्या रविवारपासून. ऐंशीपुरतं येतं."

अकरा आठवडे. तिने आयुष्यात कुणाच्या थोबाडीत मारली नव्हती, पण त्या वेळी फार वाटलं. खडू फळ्यावर दाबून धरून ती म्हणाली, तू माझं काय करते आहेस ते तुला कळतंय का, बुधवारी मुदत संपते, तीन वर्षं मी या खोलीत...

"मला माहितेय," धाकटी म्हणाली. "तू सुटलीस की मी इथे बसणार. तीन ते आठ. आईने रजिस्टरवर माझं नावसुद्धा घालून ठेवलंय, बघितलंस?"

ताईने बघितलं नव्हतं.

"मला दुकान आवडतं, ताई. काका म्हणतात दोन वर्षांत मला डोळे तपासायचं शिकायला पाठवतील. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगून काय होणार?" धाकटीचा आवाज चढला नव्हता, उलट खालीच गेला होता. "तू हुशार. तू इथे अडकलीस याची सगळ्यांना हळहळ वाटते. सर येतात, हळहळतात. न्हावी हळहळतो. मी अडकले तर कुणाच्या लक्षातही यायचं नाही. म्हणतील, चला, धाकटी मार्गी लागली."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. तिने स्वतःसुद्धा अकरा आठवडे हेच केलं होतं. समोर बसलेल्या बहिणीकडे तिने फक्त ऐंशी मार्क म्हणून पाहिलं होतं. तरी राग जात नव्हता. रागही खरा होता आणि धाकटीचं म्हणणंही खरं होतं, आणि दोन्हींपैकी एक खोडायची सोय नव्हती.

पडदा सरकला. आई हात पुसत आली. "झाला का पेपर? किती?"

पेपर ताईच्या हातात होता. बोलायला एक शब्द लागणार होता. ब्याण्णव. सरांनी पेपर पाहिला असता, धाकटीला समोर बसवून दोन गणितं घातली असती, आणि धाकटीला सरांच्या डोळ्यांदेखत खोटं बोलता आलं नसतं. बुधवारच्या आत पत्र गेलं असतं. ताईने बहिणीकडे पाहिलं. धाकटी मान खाली घालून बोटांच्या पेरांवर बसलेली काचेची पांढरी पूड दुसऱ्या हाताच्या नखाने खरवडत होती. विनवणी वगैरे काही करत नव्हती. तिने आधीच आशा सोडली होती.

या खोलीत रोज पाच तास उभं राहणं म्हणजे काय, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

"एकोणचाळीस," ताई म्हणाली.

आई म्हणाली, अरेरे. तिच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं दिसत होतं आणि ते खोटं नव्हतं. पण तिचे खांदे सैल झाले, तेही ताईला दिसलं. चुकलेल्या उत्तरामागची वाट बघायची सवय लागलेल्या माणसाला असल्या गोष्टी दिसायच्या राहत नाहीत. आई म्हणाली, जाऊ दे, तू मनाला लावून घेऊ नकोस, पुढच्या वर्षी बघू. आणि चहा टाकायला आत गेली.

धाकटीने मान वर केली. तिचे डोळे भरले होते. ती काही म्हणणार एवढ्यात ताईने पेपर तिच्यापुढे आपटला.

"सात आणि उणे चार? असं जगात कुणी चुकत नाही. सर म्हातारे आहेत, खुळे नाहीत. आज ना उद्या पकडतील." तिचा स्वर मुलांना रागावतानाचा होता. "उणे चुकवायचं असेल तर सगळीकडे चुकव, एका जागी नाही. सात आणि दोनची चिन्हं उलटी लिही, अर्धा वर्ग तेच करतो. कंसाबाहेरच्या आकड्याने पहिल्यालाच गुण, दुसऱ्याला गुणायला विसर. आणि विसरलीस तर पुढच्या पेपरातही विसर. चूक बदलायची नाही. बस, परत लिही."

चहा येईपर्यंत धाकटीने दुसरा पेपर लिहून काढला. ताईने तो तपासला, एकोणचाळीस दिले आणि पहिला फाडून त्याचे बारीक तुकडे केले.

मंगळवारी तिने प्राध्यापिकाबाईंना पत्र लिहिलं. घरगुती अडचणीमुळे येता येत नाही, क्षमस्व. चार ओळींना तिला सगळी सकाळ लागली. पोस्टात टाकून आली तेव्हा दोन वाजत आले होते, आणि बाबा गाद्या गुंडाळत होते. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आता त्यांना धड दिसत नव्हतं, तरी पाहिलं. म्हणाले, "पाठवलंस?" ती हो म्हणाली. काय पाठवलं ते त्यांनी विचारलं नाही. गादीचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं. दोघांनी मिळून ती कपाटावर चढवली आणि मग तीन वाजता मुलं आली. त्या दिवशी ताईने नेहमीपेक्षाही चांगलं शिकवलं, असं आई नंतर गल्लीत सांगत होती.

पुढच्या आठवड्यात मोठे सर स्वतः घरी आले. हातात धाकटीचा पेपर. आईला म्हणाले, मुलीत फरक पडतोय. आधीच्या चुका नुसत्या हवेतल्या होत्या, आता विचार करून चुकते आहे. हे चांगलं लक्षण. असंच चालू ठेवा, वर्षभरात तयार होईल. आईने त्यांना आग्रह करून चहा दिला. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या धाकटीचा चेहरा पांढरा पडला होता. ताई फळा पुसत होती, ती पुसतच राहिली. तिच्या मनात आलं, वर्ष तर वर्ष, तेवढ्यात काकांनी हिला शिकायला पाठवलं तरी पुरे. स्वतःसाठी मागायला तिच्याकडे आता काही उरलं नव्हतं, आणि त्यामुळे हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

रविवार मात्र चुकवता येत नव्हते. पेपर सरांकडे जायलाच हवा आणि तो खरा वाटायला हवा. म्हणून अकरा वाजता पडदा ओढून घेऊन दोघी बसायच्या, आणि गल्लीत जिच्यासारखी शिकवणारी नाही ती ताई आपल्या बहिणीला चुका शिकवायची. वजाबाकीतल्या, कंसांतल्या, चिन्हांच्या. कुठलं पोर कुठे आणि का घसरतं, आठ वर्षांत जमवलेलं सगळं तिने तिच्यापुढे ओतलं. धाकटी भराभरा उचलत होती. भीती होती तोवर ती ओठ मिटून शिकायची. तिसऱ्या रविवारी अपूर्णांक काढले, आणि एका पेपरात ती मध्येच थांबली.

"ताई, हे बघ," ती म्हणाली. "तीनातले दोन मोठे की चारातले तीन? पोरं म्हणतील, दोन्ही सारखे. कारण दोन्हीकडे एकच तुकडा कमी आहे. तुकडा केवढा ते बघणारच नाहीत. त्यांना आधी तो उरलेला तुकडा दाखवला पाहिजे, काढून, हातात देऊन. मग चटकन कळेल."

बोलता बोलता ती गुडघ्यांवर बसली होती. चेहरा उजळला होता, अगदी त्या शनिवारी दुकानात दिसला तसा. तिने खडू उचलला आणि फळ्यावर दोन पट्ट्या काढून एकीचा तुकडा तोडून दाखवला.

हे ताईला कळायला तीन वर्षं लागली होती. तिने फळ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला होता. तिने उठून आधी पट्ट्या पुसल्या, मग बहिणीच्या हातातून खडू काढून घेतला.

"हे पुन्हा बोलू नकोस," ती कुजबुजली. "आईसमोर तर कधीच नाही."